आधी नावाविना, मग नावानिशी

आमच्या ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळकसाहेब (धर्मगुरू) निवृत्त झाले आणि त्याच सुमारास मंडळीचा कारभार पाहायला सभासदांनी निवडलेल्या वडीलजनांपैकी जवळजवळ निम्म्यांची मुदतही संपली. पाळकावाचून मंडळी चालवणे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. रविवारच्या उपासनेला कोणी ना कोणी मिळते. कधी मिरजेहून, कधी सांगलीहून पाहुणे उपदेशक येतात, कधी आपल्यातलेच एखादे निवृत्त शिक्षक व्यासपीठावर उभे राहतात. पण प्रभुभोजन कोण देणार, आजाऱ्याच्या उशाशी कोण बसणार, भावाभावांत जागेवरून बोलणे बंद झाले असेल तर मध्ये कोण पडणार आणि रात्री-अपरात्री कोणी वारले तर पहिला फोन कोणाला करायचा, हे प्रश्न सोमवार ते शनिवार या सहा दिवसांत उभे राहतात. त्यात आमचे कोल्हापूर. येथे गोकुळ दूध संघाची निवडणूक असो, साखर कारखान्याची असो की गल्लीतल्या तालमीची, पॅनेल पडल्याशिवाय आणि जोडण्या लावल्याशिवाय कोणाला चैन पडत नाही. मंडळी याच मातीतली आहे. वडीलजनांच्या निवडणुकीची तारीख जाहीर होण्याआधीच कोण कोणाच्या बाजूचा, याचा हिशोब उपासना सुटल्यावर फाटकाशी उभे राहून होऊ लागला होता.

सेशनमध्ये, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीत, उरलेल्या वडीलजनांनी एक गोष्ट मात्र वेळेवर ठरवली. नवी निवड होऊन पाळकाची नेमणूक होईपर्यंत बुधवारची संध्याकाळची प्रार्थनासभा केवळ याच एका विषयासाठी राखून ठेवायची, आणि ती चर्चमध्ये न घेता आळीपाळीने सभासदांच्या घरी घ्यायची. महिला मंडळाची चिटणीस म्हणून घरे ठरवणे, निरोप देणे आणि त्या दिवशीचा बायबलमधला शास्त्रभाग कोण वाचणार हे पाहणे माझ्याकडे आले, म्हणून हा सगळा प्रवास मला जवळून पाहता आला.

सुरुवातीच्या बुधवारी जे झाले त्याला प्रार्थना म्हणणे अवघड आहे. डोळे मिटलेले, मान खाली, आणि तोंडाने मात्र उघडउघड प्रचार. एका गृहस्थांनी, ‘हे प्रभो, वर्षानुवर्षे खुर्चीला चिकटून बसलेल्यांना तू नम्रता दे,’ अशी विनंती केली, तेव्हा ती खुर्ची कोणाची हे खोलीतल्या लहान मुलांनाही कळले. त्यावर पलीकडच्या बाजूने, ज्यांना अजून ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली गीते धड चालीवर म्हणता येत नाहीत त्यांना घाईघाईने पुढे येण्याच्या मोहापासून राखावे, अशी प्रार्थना झाली. शब्द देवाला उद्देशून होते आणि ते ऐकवायचे होते समोरच्या सतरंजीवर बसलेल्या माणसाला. यात फायदा असा असतो की प्रार्थनेला कोणी मध्येच अडवत नाही आणि शेवटी सगळ्यांना ‘आमेन’ म्हणावेच लागते.

मिरजेच्या वॉनलेस इस्पितळात परिचारिका म्हणून आयुष्य घालवलेल्या आमच्या एक आक्का आहेत. वय झाले आहे, पण वॉर्डातली शिस्त अंगातून गेलेली नाही. त्यांनीच नियम सुचवला : निवडणूक होईपर्यंत प्रार्थनेत कोणाचेही नाव घ्यायचे नाही, आणि नाव न घेता ओळखू येईल असे वर्णनही करायचे नाही. निवडणूक झाल्यावर मात्र निवडून आलेल्या प्रत्येकाचे नाव घेतल्याशिवाय प्रार्थना करायची नाही.

या नियमावर चांगलाच वाद झाला. बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक काका म्हणाले की देवाला सगळे ठाऊक असताना त्याच्यापासून नावे लपवायची कशाला, आणि प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात यहूदाच्या जागी माणूस निवडताना शिष्यांनी नावे पुढे ठेवूनच प्रार्थना केली होती की नाही? मुद्दा बिनतोड वाटत होता. आक्कांनी चष्मा काढून हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘अहो काका, त्यांनी दोन नावं ठेवली होती, योसेफ बर्सब्बा आणि मत्थिया. यातला तू कोण निवडलास ते दाखव, असं त्यांनी विचारलं. आपण एकच नाव ठेवतो आणि देवाला नुसती सही करायला सांगतो.’ काका हसले आणि नियम मान्य झाला.

आता नावे नाहीत म्हटल्यावर प्रार्थनेत मागायचे काय, हा खरा प्रश्न होता. ‘चांगले पुढारी दे’ एवढे म्हणून झाले की दुसऱ्या मिनिटाला शब्द संपतात. म्हणून आम्ही शास्त्रभागांचा आधार घेतला. बारा शिष्य निवडण्याआधी येशूने डोंगरावर सारी रात्र प्रार्थनेत घालवली, हे लूकच्या ६ व्या अध्यायात आहे. अंत्युखियाच्या मंडळीने उपास आणि प्रार्थना करून बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांच्यावर हात ठेवले, हे प्रेषितांच्या १३ व्या अध्यायात येते, आणि पुढच्याच अध्यायात हेच दोघे गावोगावच्या मंडळ्यांत उपास व प्रार्थना करून वडील नेमताना दिसतात. हे भाग आधी वाचून झाले. नंतर पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा ३ रा अध्याय हाती घेतला. अध्यक्ष, म्हणजे मंडळीचा पुढारी, कसा असावा याची तिथे जी यादी आहे, अदूष्य, नेमस्त, सभ्य, अतिथिप्रिय, शिकवण्यात निपुण, मारका नसावा, भांडखोर नसावा, नवशिका नसावा, तिच्यातला एकेक गुण एकेका बुधवारी घ्यायचा, त्यावर थोडे बोलायचे आणि तेवढाच मागायचा, असे ठरले. यादी वाचताना शाळेतल्या एका बाईंनी सहज म्हटले की यात हुशारी, वक्तृत्व, पदवी आणि ओळखीपाळखी यांतले शिकवण्याचे कौशल्य सोडले तर काहीच नाही. बाकी सगळी चालचलणूक आहे. निवडणुकीच्या गप्पांत नेमके उलटे चालले होते.

काही गुण पटकन आटोपले. मद्यपी नसावा यावर कोणाचे दुमत नव्हते. अतिथिप्रिय या गुणाच्या दिवशी ज्यांच्या घरी सभा होती त्यांनी एवढे पोहे केले की चर्चा बाजूलाच राहिली. पण द्रव्यलोभाच्या बुधवारी मात्र आम्ही बराच वेळ थांबलो, कारण पैसा हा आमच्याकडच्याच काय, कुठल्याही मंडळीतल्या भांडणांचा मूळ झरा असतो. बोलता बोलता कापणीच्या सणाचा विषय निघाला. त्या दिवशी लोक आपापल्या शेतातले, परसातले जे असेल ते वेदीसमोर आणून ठेवतात : केळीचा घड, नारळ, भाताची पिशवी, कोंबडी, आणि कोल्हापूर असल्यामुळे गुळाची ढेप ठरलेली. उपासनेनंतर लिलाव होतो. ढेपेवर बोली चढते, घेणारा पैसे देतो आणि ढेप परत टेबलावर ठेवतो, पुन्हा बोली होते, आणि एकच ढेप दोन-तीनदा विकली जाऊन शेवटी एखाद्या विधवाबाईच्या घरी पोचते. सगळे आनंदात असतात. त्या आनंदात कोणाचे पैसे रोख आले, कोण ‘लिहून ठेवा, पुढच्या रविवारी देतो’ म्हणाले आणि कोणी दिलेच नाहीत, याची वही एकाच माणसाच्या हातात असते. त्या माणसावर कोणाचा संशय नव्हता, तो प्रश्नही नव्हता. आमच्यातल्या एका तरुण मुलीने त्या संध्याकाळी जी प्रार्थना केली ती मला अजून आठवते. हिशोब विचारल्यावर ज्याला राग येत नाही असा माणूस आम्हाला दे, एवढेच ती म्हणाली. त्या रात्री झालेल्या प्रार्थनांत सगळ्यांत छोटी आणि सगळ्यांत नेमकी तीच होती, असे माझे मत आहे.

आपल्या घरची व्यवस्था नीट ठेवणारा, हा गुण सर्वांत अवघड गेला. तरुण संघातल्या एकाने सरळ विचारले की एखाद्या वडिलांचा मुलगा चर्चला येणे सोडून पुण्यात राहत असेल तर तो माणूस बाद का? खोलीत असे तीन-चार बाप बसलेले होते. कोणी म्हणाले, पौल लहान, घरात राहणाऱ्या मुलांविषयी लिहितो आहे. कोणी म्हणाले, एली याजकाच्या मुलांची गोष्ट विसरू नका, तिथे दोष मुलांच्या वागण्याइतकाच ते पाहून गप्प बसणाऱ्या बापाचाही होता. निर्णय झाला नाही आणि आम्ही तो करायचा आग्रहही धरला नाही. पण त्या बुधवारी वडीलजनांच्या घरांसाठी, त्यांच्या बायकांसाठी आणि मुलांसाठी पहिल्यांदाच मनापासून प्रार्थना झाली. पुढाऱ्यांसाठी प्रार्थना करताना त्यांच्या घरची माणसे आपण सहसा विसरतोच, आणि सभा लांबली की जेवणाचे ताट झाकून वाट पाहत बसायचे त्यांनाच असते.

बाहेरच्या लोकांनी त्याच्याविषयी चांगली साक्ष द्यावी, ही अट आमच्यासारख्या संख्येने लहान समाजाला विशेष लागू आहे. कोल्हापुरात आपण चारचौघांत राहतो. शेजारी मराठा, लिंगायत, जैन, मुसलमान, सगळेच आहेत आणि आपला एखादा पुढारी कसा आहे हे मंडळीपेक्षा त्यांना जास्त चांगले माहीत असते. एका मामांनी सुचवले की उमेदवाराची शिफारस पाळकापेक्षा शाहूपुरीतल्या किराणा दुकानदाराकडून घ्यावी, उधारीची वही खोटे बोलत नाही. सगळे हसले, पण प्रार्थना याच अंगाने झाली.

याच काळात मी आमच्या मंडळ्यांचा जुना इतिहास पुन्हा वाचला, आणि त्यातली एक गोष्ट बुधवारी सांगितली. रेव्हरंड रॉयल वायल्डर १८५२ च्या अखेरीस कोल्हापुरात आले आणि येथले मिशनकार्य सुरू झाले, हे आपल्याकडे बहुतेकांना माहीत असते. वायल्डर मेमोरियल चर्चमुळे नाव तर रोज कानावर पडते. पण ज्या अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेने त्यांना पाठवले त्याच्याशी त्यांचे मतभेद विकोपाला गेले, पुढे काही वर्षे त्यांनी स्वतंत्रपणे काम चालवले आणि १८७० मध्ये हे कार्य प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेले, हे कमी सांगितले जाते. म्हणजे पुढाऱ्यांमधले वाद आपल्याकडे पायाभरणीपासूनच आहेत, आजच्या पिढीने ते शोधून काढलेले नाहीत. आणि त्याच घरातली दुसरी गोष्ट अशी : त्यांची मुले ग्रेस आणि रॉबर्ट. रॉबर्टचा जन्म १८६३ मध्ये कोल्हापुरातच झाला. वडील आजारपणामुळे अमेरिकेला परतल्यावर प्रिन्स्टनमधल्या त्यांच्या घरी रॉबर्ट आणि त्याचे मित्र मिशनकार्याविषयी बोलायला जमत, आणि ग्रेस आपल्या भावाबरोबर नियमाने प्रार्थना करी की महाविद्यालयीन तरुणांतून मिशनकार्यासाठी माणसे उभी राहावीत. १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या माउंट हर्मन येथे विद्यार्थ्यांची जी परिषद भरली तिच्या अखेरीस शंभर तरुणांनी परदेशी मिशनकार्यासाठी आपली नावे दिली, आणि त्यातूनच १८८८ मध्ये विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीची रीतसर स्थापना झाली. सभास्थानी रॉबर्ट होता. ग्रेसचे काम त्याआधी घरात होऊन गेले होते. ती शंभर माणसे कोण असणार हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हते. आक्कांच्या नियमाला याहून चांगला आधार मला सापडला नसता.

निवडणूक पार पडली. पॅनेल पडायचे ते पडलेच. नियम प्रार्थनेपुरता होता, फाटकाशी होणाऱ्या गप्पांवर त्याचा अंमल नव्हता. दोन्ही बाजूंचे लोक निवडून आले. ज्यांना मी मत दिले नव्हते, देणारही नव्हते, असे एक गृहस्थ सर्वांत जास्त मतांनी आले. पुढच्या रविवारी नव्या वडीलजनांवर हात ठेवून त्यांना नेमण्याचा विधी झाला, तेव्हा आधीच्या वडीलजनांबरोबर पाहुणे पाळकही होते आणि त्यांनी उपदेशासाठी पेत्राच्या पहिल्या पत्राचा ५ वा अध्याय घेतला होता : कळपावर धनीपण करू नका, कित्ते व्हा.

आता नियमाचा दुसरा अर्धा भाग सुरू झाला, आणि तो पहिल्यापेक्षा जड गेला. मी एका जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीमागे बुधवारवार नावे लिहिली, एकेका आठवड्याला एकेक वडील. पहिल्याच फेरीत अडचण ध्यानात आली. माणसाचे नाव घेऊन ‘त्यांना आशीर्वाद दे’ एवढे म्हटले की पुढे काय? त्यांच्या घरी काय चालले आहे, मंडळीतले कोणते काम त्यांच्याकडे आहे, कशात ते अडले आहेत, हे माहीत नसेल तर बोलणार काय? म्हणून दर सोमवारी त्या त्या वडिलांना फोन करून ‘या बुधवारी तुमच्यासाठी काय मागू?’ असे विचारायचे ठरले, आणि ते काम अर्थातच माझ्याकडे आले. ज्यांना मत दिले नव्हते त्यांना फोन लावताना ‘सलाम’ म्हणून झाल्यावर पुढचे वाक्य सुचायला वेळ लागला. त्यांनाही संशय आला असावा; आधी म्हणाले, काही विशेष नाही, सगळे बरे आहे. मग फोन ठेवता ठेवता म्हणाले, दफनभूमीच्या कुंपणाचे काम अंगावर घेतले आहे, कागदपत्रांसाठी कचेरीत हेलपाटे घालून जीव मेटाकुटीला आला आहे, तेवढे मागा. ते काम त्यांच्याकडे आहे हेच मला ठाऊक नव्हते.

पाळकांची नेमणूक व्हायला आणखी काही महिने लागले. तरुण आहेत, बरोबर पत्नी आणि दोन लहान मुले. पहिल्या बुधवारी आम्ही त्यांनाही तोच प्रश्न विचारला, आणि आमची अपेक्षा अशी की ते संजीवनाविषयी (मंडळीच्या आत्मिक जागृतीविषयी), सुवार्तेविषयी काही सांगतील. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. शनिवारी संध्याकाळी उपदेशाची तयारी करायला सलग वेळ मिळावा; मुलांना नव्या शाळेत मित्र मिळावेत; कोणाच्या घरी आधी गेलो आणि कोणाच्या नंतर, याचा कोणी अर्थ लावू नये; आणि झोप लागावी. तिसऱ्या मागणीला काही जणांनी एकमेकांकडे पाहिले. शनिवारची मागणी मात्र अशी होती की देवाआधी ती आम्हीच पुरी करू शकत होतो, म्हणून सेशनने शनिवारी संध्याकाळी तातडीचे काम असल्याशिवाय पाळकसाहेबांना फोन करू नये अशी सूचना फलकावर लावली.

प्रार्थनेने सगळे सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. हिशोब तपासनीसाची नेमणूक या वर्षीही उशिराच झाली, आणि ती व्हावी म्हणून वार्षिक सभेत उठून प्रश्न विचारावा लागला. प्रश्न विचारणाऱ्या बहिणीला एका ज्येष्ठांनी, बुधवारी प्रार्थना करता ना, मग देवावर भरवसा ठेवा, असे उत्तर दिले. हा युक्तिवाद मला अजिबात मान्य नाही. यरुशलेमेचा कोट बांधताना नहेम्याने प्रार्थना केली आणि पहाराही बसवला. वहीवर दोघांच्या सह्या घेणे आणि देवाजवळ प्रामाणिक खजिनदार मागणे यांत विरोध कुठे आहे?

दुसरी गोष्ट अजून अवघड आहे. पिकाच्या धन्याने कामकरी पाठवावेत म्हणून प्रार्थना करा, हे मत्तयाच्या ९ व्या अध्यायातले येशूचे शब्द आम्ही कित्येकदा वाचले. पाळक काही आभाळातून पडत नाहीत. कोणाच्या तरी घरातले मूल यवतमाळहून १९८३ मध्ये पुण्याला आलेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या धर्मशिक्षणाच्या ठिकाणी जाऊन काही वर्षे शिकते, तेव्हा पाळक तयार होतो. यंदा आमच्यातल्या एका मुलाने, अभियांत्रिकीचे शेवटचे वर्ष चालू असताना, सेमिनरीला जाण्याविषयी घरी विचारले. त्याची आई बुधवारच्या सभेला न चुकता येणारी. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘ताई, कामकरी पाठव म्हणून मी रोज मागते हो, पण माझ्याच घरातून?’ मी काय बोलणार? माझी स्वतःची दोन्ही मुले नोकरीला आहेत. आम्ही त्या मुलाचे नाव यादीत घातले आहे, पण त्याच्या आईच्या परवानगीने आणि ‘मार्ग दाखव’ एवढ्याच शब्दांत.

दिनदर्शिकेमागची यादी आता वहीत उतरली आहे. परवा दफनभूमीचे काम पाहणाऱ्या त्याच गृहस्थांचा मला आपणहून फोन आला. त्यांचा आठवडा महिन्याच्या शेवटी येतो आणि सेशनची बैठक पहिल्या आठवड्यात असते; तर आपले नाव बैठकीच्या आदल्या बुधवारी घेता येईल का, असे त्यांनी विचारले, कारण बैठकीत आपला आवाज चढतो हे त्यांना माहीत आहे. जागा बदलून द्यायची तर दुसऱ्या कोणाला तरी शेवटी जावे लागणार होते. बँकेतले काका तयार झाले.